अकरा महिन्यांचा करार आणि बिनकडीचं न्हाणीघर

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शेळगी, सोलापूर
रविवार, भर एप्रिलातली दुपार (तारखेसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत उठावं लागेल, आणि मी बसलेली फरशी आत्ताच कुठं गार लागायला लागली आहे)

ती. पारूअक्काच्या पायांशी धाकट्या धनूचे शरणु शरणार्थी.

तुझा गुडघा कसा आहे? डावा विचारते आहे. उजव्याची चौकशी मागच्या फोनला झाली. डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू बांधतेस, की अजून नवा आहे म्हणून कपाटात ठेवला आहेस? तुझ्या शरणबसवचं दुकान ठीक चाललं असेल. सूनबाईंची आणि नातवंडांची तब्येत चांगली असावी, आणि दुधनीत आमच्यापेक्षा एखादा अंश तरी कमी तापत असावं. इथं दुपारी रस्त्यावर फक्त रिक्षावाले आणि गणिताच्या शिकवणीला निघालेली मुलं दिसतात. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव असतो.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. अक्का, तुझा फोन उचलला की आपोआप स्पीकरवर जातो. त्यामुळे तुझ्याशी बोलायचं म्हणजे शरणबसवशी, सूनबाईंशी, दोन्ही नातवंडांशी आणि दुकानात साखर घ्यायला आलेल्या कुणाशीही बोलायचं. मागच्या वेळी मी तुला माझ्या पित्ताचं सांगत होते तर मधूनच एका पुरुषी आवाजानं 'कोकम घ्या म्हणावं' असं सुचवलं. (घेतलं. गुण आला. पण तरीही.) म्हणून हे पत्र. एकटीच वाच. चष्मा सापडला नाही तर सापडेपर्यंत थांब, नातवाला वाचायला देऊ नकोस.

तर झालं असं, की माझ्या घराचा करार या महिनाअखेर संपतो. तुला ठाऊकच आहे, दर अकरा महिन्यांनी आमचे घरमालक गुरुबसप्पा खालच्या मजल्यावरून वर येतात, खुर्चीत बसतात, चहाला नको म्हणतात, चहा पितात, नवीन करार मला वाचून दाखवतात आणि मी सही करते. इतकी वर्षं हेच चाललं आहे. गुरुबसप्पांना माझ्याबद्दल एकच तक्रार आहे, की मी भिंतीला खिळा मारते, आणि मला त्यांच्याबद्दल एकच, की मी हातोडी हातात घेतली की त्यांना ते खाली बसून कळतं. बाकी आमचं चांगलं चालतं. यंदा मात्र करार वाचायच्या आधीच ते म्हणाले, "बाई, या वेळेला जमत नाही. एकट्या माणसाला घर देणार नाही मी." छप्पन्न वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी, भाडं वेळेवर देणारी बाई मी. अचानक मी 'एकटी' झाले ते कशामुळे, हे सांगायचं तर न्हाणीघराची गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर घरात कुणाला धड सांगितलेली नाही. आपल्या शिवपुत्रअण्णाला कळली ती गुरुबसप्पांकडून, म्हणजे अर्धी आणि मालकाच्या बाजूची.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. नळाला पाणी यायचं म्हणजे सोलापुरात घरात लग्न असल्यासारखं होतं हे तुला सांगायला नको. मोटार लावायची पाळी माझी होती. मी मोटार सुरू केली आणि वरची टाकी भरेपर्यंत न्हाणीघरातलं पिंप धुऊन घ्यावं म्हणून आत गेले. वाऱ्यानं दार आपटलं. कडी आपोआप पडली. ती काढायला गेले तर तिचा दांडा माझ्या हातात आला आणि बाकीची कडी दारातच राहिली. मी दांडा पुन्हा बसवून पाहिला, केसातली पिन घालून पाहिली, दाराला खांदा लावला (दार हललं नाही, खांदा आठवडाभर दुखला), आणि मग हाका मारायला सुरुवात केली. माझा आवाज शाळेच्या मैदानाच्या पार टोकाला पोचतो असं हेडमास्तर म्हणतात. पण पाण्याच्या दिवशी सगळ्या गल्लीत मोटारी चालू असतात, तिथं माझा काय टिकाव लागणार?

आता मी आत, आणि मोटार चालू. टाकी भरली, वाहू लागली, गच्चीवरचं पाणी जिन्यानं उतरत उतरत गुरुबसप्पांच्या उंबऱ्यात गेलं. आपल्या उंबऱ्यात पाणी वाया जाताना पाहून माणसाचं काय होतं ते तू दुधनीत पाहिलंच असशील. ते तरातरा वर आले. माझ्या बाहेरच्या दाराला आतून कडी. मग ते जिन्यातल्या छोट्या खिडकीशी आले, ती माझ्या न्हाणीघराची. तिथून ते ओरडले, "बाई, मोटार!" मी ओरडले, "काका, दार!" ते म्हणाले, "आधी मोटार बंद करा!" मी म्हटलं, "आधी दार उघडा!" त्यांना वाटलं मी अट घालते आहे. "पाणी वाया चाललंय आणि तुम्ही भांडता काय?" असं म्हणून ते तणतणत खाली गेले आणि मीटरच्या पेटीतून माझ्या घराचा मेन स्विचच बंद केला. मोटार थांबली. दिवाही गेला. गुरुबसप्पा समाधानानं आपल्या घरात जाऊन बसले आणि मी अंधारात.

अक्का, सुरुवातीला मला हसू येत होतं. साबणाच्या वेष्टनावर काय काय लिहिलेलं असतं ते खिडकीच्या उजेडात मी वाचून काढलं. नववीच्या पेपरातलं शेवटचं गणित मनातल्या मनात बदललं. (मुलींच्या दृष्टीनं ते फार वाईट झालं.) पण नंतर गल्लीतल्या मोटारी बंद झाल्या, सगळीकडे शांत झालं, मी पुन्हा हाका मारल्या आणि कुणी ओ दिली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आज रविवार आहे, शाळेत मला कुणी शोधणार नाही. मी फोन उचलला नाही तर माझा फोन नेहमीसारखा दप्तरात राहिला असेल असं सगळे म्हणतील. पिंपाच्या कडेवर बसून मी पहिल्यांदाच मोजायला लागले, की मी दिसले नाही तर पहिल्यांदा कुणाला चुकल्यासारखं होईल. आणि अक्का, गणिताच्या बाईला उत्तर येईना. मग मात्र मी रडले. थोडंसंच. पाणी होतंच, तोंड धुतलं.

सोडवलं ते गुरुबसप्पांनीच. नंतर त्यांनी मला कारण सांगितलं ते असं: "मी तुमची लाइट घालवली आणि तुम्ही भांडायला खाली आला नाहीत, म्हणजे काहीतरी झालंय की!" माझ्या स्वभावाची कुणीतरी इतकी बारकाईनं नोंद ठेवली आहे हे कळून मला बरं वाटलं. ते पुन्हा खिडकीशी आले, हाका ऐकल्या, आणि कोपऱ्यावरच्या शिवू सुताराला घेऊन आले. शिवूनं आधी बाहेरचं दार उचकटलं, मग आतलं. तोवर आमच्या जिन्यात अर्धी शेळगी जमली होती. मी ओल्या गाऊनवर टॉवेल गुंडाळून बाहेर आले तर समोर माझ्या वर्गातली एक मुलगी. ती सवयीनं "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाली आणि मीही सवयीनं "सिट डाऊन" म्हणाले. आणि काय सांगू, जिन्यात दोन बायका खरोखर बसल्या.

म्हणून गुरुबसप्पांची ही नवी अट. "उद्या तुम्हाला काय झालं तर पोलीस मला विचारणार. सोबतीला कुणी असेल तर करार करतो, नाहीतर दुसरीकडं बघा बाई." मी रागावले. पण माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले होते, त्यामुळे राग पुरेसा टिकला नाही.

त्याच संध्याकाळी अक्कलकोटहून अण्णाचा फोन. "घर सोड आणि इकडं ये की, तुझ्या वहिनीला तेवढीच सोबत." अण्णाचा जीव आहे माझ्यावर, यात शंका नाही. पण मागून वहिनींचा आवाज आला, की स्वयंपाकाची बाई परवापासून येत नाही. मी तिथं गेले तर माझी पेन्शन सुरू व्हायच्या आधी माझ्या हातात पोळपाट येईल. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं राहते तेव्हा कसं असतं तुला माहीत आहे. मी पेपर वाचायला बसले की घरातल्या प्रत्येकाला एकाच वेळी तहान लागते.

शाळेत मी हे दिपालीला सांगितलं. दिपाली म्हणजे आमची कॉम्प्युटर शिकवणारी बाई. बाई कसली, मुलगीच. मंगळवेढ्याकडच्या धनगराच्या घरातली, घरी मेंढरं, घरातली शिकून बाहेर पडलेली पहिलीच. ती आणि लावण्या नावाची एक मुलगी जुळे सोलापुरात तीन खोल्यांचं घर घेऊन राहतात. लावण्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये आहे. तिचं घर इथंच पूर्व भागात, पण घरात यंत्रमाग आहेत, आणि रात्रपाळी करून आलेल्या मुलीला दिवसा मागाच्या खडखडाटात झोप लागत नाही म्हणून वेगळी राहते. त्यांची तिसरी मैत्रीण लग्न होऊन गेल्यानं एक खोली रिकामी होती. दिपाली म्हणाली, "मॅडम, आमच्यात या की!" तिनं हे गमतीनं म्हटलं होतं हे मला नंतर कळलं. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. मग ठरलं, की आधी शुक्रवार ते रविवार राहून बघायचं. त्यांनी मला बघायचं, मी त्यांना.

अक्का, मला आयुष्यात एकदाच कुणीतरी बघायला आलं होतं, त्याचा निकाल तुला माहीत आहे. पण यावेळी लावण्यानं जे प्रश्न विचारले तसे त्या लोकांनी विचारले असते तर फार वेळ वाचला असता. "आंटी, तुम्ही घोरता का? पंखा पाचवर लागतो का तीनवर? भांडी लगेच घासता का साचवून? रागावलात तर बोलता का गप्प बसता?" मी प्रामाणिकपणे उत्तरं दिली: माहीत नाही, तीन, लगेच, बोलते. ती म्हणाली, "शेवटचं बरं आहे. गप्प बसणाऱ्याचं लई अवघड जातं." मग तिनं मला फ्रिजमधला माझा कप्पा दाखवला. अक्का, तुला हसू येईल, पण रिकामा आणि आपल्या नावाचा कप्पा मिळाल्यावर मला पहिल्या नोकरीचं पत्र मिळाल्यासारखं वाटलं. मी त्यात शेंगाचटणीची बरणी ठेवली. (शेंगाचटणी फ्रिजमध्ये ठेवायची नसते हे मलाही कळतं. पण कप्पा रिकामा कसा ठेवणार?)

आणि त्यांचं न्हाणीघर! त्याला कडीच नव्हती. कधीतरी मोडली, ती मोडलीच. नियम असा, की आत जो असेल त्यानं मोठ्यानं गायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. लावण्या तेलुगू गाणी म्हणते, दिपाली काहीही गुणगुणते. मला गाणं येत नाही, हे तू आपल्या घरातल्या प्रत्येक बारशाला सांगितलेलं आहे. म्हणून मी पाढे म्हटले. शनिवारी सकाळी मी एकोणतीसच्या पाढ्यात असताना बाहेरून लावण्याचा आवाज आला, "आंटी, एकोणतीस सत्ते किती म्हणालात?" मी सांगितलं, दोनशे तीन. "आं? मी इतके दिवस चुकीचं लिहिते काय की!" मी आतून घाबरून विचारलं, कुठं लिहितेस, रिपोर्टात का? तर म्हणे, नाही, दुधाच्या हिशेबात. नंतर मी दार उघडलं तर दोघी बाहेर उभ्या राहून माझ्याबरोबर एकतीसचा म्हणत होत्या. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. शाळेत कुणी आपणहून एकतीसपर्यंत येत नाही.

शुक्रवार आणि अर्धा शनिवार असा छान गेला. मी त्यांना ज्वारीची कडक भाकरी करून घातली, त्यांनी मला मोबाइलवर जेवण मागवायला शिकवलं. (मी चुकून एकाऐवजी पाच उत्तप्पे मागवले. खाल्ले.) पण हळूहळू मला काहीतरी दिसायला लागलं. मी खोलीत गेले की दिपाली पलंगावरचे पाय खाली घ्यायची. ती गाऊनमध्ये, मी गाऊनमध्ये, आणि तरी ती "बसा ना मॅडम" म्हणून उठून उभी राहायची. लावण्यानं रात्रपाळीहून येऊन सकाळीच चिप्सचं पाकीट उघडलं, मला पाहिलं आणि पाठीमागं लपवलं. मी एक शब्द बोलले नव्हते. पण बत्तीस वर्षं वर्गात उभं राहून चेहरा असा झाला आहे, की मी नुसती चहा पीत असले तरी समोरच्याला वाटतं वह्या तपासायला घेतल्या.

शनिवारी दुपारी दिपालीच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. कस्तुराबाई. मागे मेंढरं, डोक्यावर पदर, आणि मला पाहून बाईंना इतका आनंद झाला की फोन उलटा धरला, आणि पुढचं सगळं संभाषण मी एका मेंढीशी केलं.

"तुमी मास्तरीणबाई व्हय? लई बरं झालं बगा तुमी आला ते! आता आमाला घोर न्हाय. पोरगी कुटं जाती, कवा येती, कुनाशी बोलती, समदं बगा. तुमी हाय म्हंजी आमी हितं निवांत झोपतो."

मी "बघते की" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दिपालीनं फोन घेतला, आईशी दोन वाक्यं बोलली आणि ठेवला. चेहरा असा, की पेपर कोरा दिला असावा.

संध्याकाळी ऊन पुरतं कलायच्या आत मी खालून लिंबं आणायला निघाले, तर जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, तापलेल्या पायरीवर दिपाली बसलेली, कानाला फोन, दुसऱ्या हातानं वहीनं वारा घेते आहे. वर पंखा, गार खोली, सगळं असताना. मला पाहिल्याबरोबर फोन बंद. मी म्हटलं, "अगं, आत बसून बोल की." मी तिच्या शेजारी बसले. (पायरी खरोखर तापली होती, मी लगेच पिशवी खाली घेतली.) मग तिनं सांगितलं. युवराज नावाचा मुलगा आहे, बार्शीच्या कॉलेजात शिकवतो, दोघांचं ठरलं आहे, घरी अजून सांगितलेलं नाही, सांगणार आहे, पण तिच्या तिच्या वेळेला.

"मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नाही हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण आता आईनं तुम्हाला विचारलं तर तुम्हाला खोटं बोलावं लागणार, आणि तुम्हाला ते येत नाही. म्हणून तुमच्यासमोर बोलतच नाही मी."

अक्का, ही मुलगी मला त्रास नको म्हणून स्वतःच्या घरातून बाहेर उन्हात येऊन बसली होती. मी तिला मदत व्हावी म्हणून राहायला गेले होते असंही नाही, मी माझ्या सोयीनं गेले होते. आणि दोन दिवसांत मी त्या घरातली पहारेकरीण झाले होते. नेमणूक मंगळवेढ्याहून, थेट मेंढरांच्या कळपातून. मला अण्णाकडं स्वयंपाकीण व्हायचं नाही, ते मी ठरवलेलंच होतं. पण जुळे सोलापुरात हॉस्टेलची रेक्टर व्हायचं का, याचा विचार मी केला नव्हता. मला नुसतं राहायचं आहे ग. कुणीतरी घरात असावं, पण त्यानं मला पाहून पाय खाली घेऊ नयेत.

रात्री जेवताना मी दोघींना सांगून टाकलं की मी येत नाही. दोघींच्या तोंडावर एकाच वेळी वाईट वाटल्याचा आणि सुटल्याचा भाव आला. दोन्ही खरे होते, त्यामुळे मला दोन्ही आवडले. लावण्या म्हणाली, "आंटी, खरं सांगू? तुम्ही लई चांगल्या आहात. पण मी काल कपाटात बसून वेफर खाल्ले." मग आम्ही तिघी इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत वाजवलं. त्यानंतर दिपालीनं पाय वर घेतले. जाणारा पाहुणा म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. मग युवराजचा फोटोही दाखवला. नाक जरा मोठं आहे, पण डोळे हसरे आहेत. कस्तुराबाईंना मी आज सकाळी फोन करून सांगितलं, की मी राहणार नाही, तुमची मुलगी माझ्यापेक्षा शहाणी आहे, तिच्यावर पहारा ठेवायला मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "ती हायच शानी. म्हनून तर भ्या वाटतं की." मी मेंढ्या कशा आहेत विचारलं.

आज दुपारी मी बॅग घेऊन रिक्षानं परत आले. माझं दार, माझी भिंत, माझे सगळे खिळे. न्हाणीघराला गुरुबसप्पांनी माझ्या पाठीमागे नवी कडी बसवून घेतली आहे, बाहेरून बोटानं उघडते अशी. बॅग ठेवते न ठेवते तोच ते वर आले, चहाला नको म्हणाले, चहा प्यायले. बरीच चर्चा झाली. आणि अक्का, आनंदाची बातमी ही, की करार नवा करायला ते तयार झाले आहेत. मी इथंच राहते आहे. अण्णाला तू तुझ्या पद्धतीनं सांग, म्हणजे त्याला राग येणार नाही. ते कसे तयार झाले ते सविस्तर लिहिलं असतं, पण कागद संपत आला आहे.

शरणबसवला आणि सूनबाईंना आशीर्वाद, मुलांना पापे. तुझ्या डाव्या गुडघ्याला माझा खास नमस्कार.

तुझी लाडकी (आता दुसरी कुणी उरलेली नाही),
धनू

ता. क. कागद संपला नव्हता, मागची बाजू कोरी आहे. पट्टा बांधत जा.

ता. क. २. गुरुबसप्पा कसे तयार झाले ते सांगते. मी त्यांना म्हटलं, सोबतीला माझी थोरली बहीण दुधनीहून राहायला येते आहे. त्यांनी लगेच करारात तुझं नाव घातलं: श्रीमती पार्वतम्मा. तुझ्या आधार कार्डाची प्रत लागेल. ते कार्ड घेऊन सकाळच्या गाडीनं ये. गाडीला मी येते.

ता. क. ३. वरची सगळी हकिकत खरी आहे, फक्त दुसऱ्या ता. क. मधलं कारण तेवढं खोटं आहे. दिपालीला वाटतं मला खोटं येत नाही. गुरुबसप्पा तुझ्या नावाच्या आधीच तयार झाले होते. झालं असं, की मी त्यांना विचारलं, "काका, एकट्या माणसाला घर द्यायचं नाही म्हणता, मग खालच्या घरात तुम्ही कुणाबरोबर राहता?" त्यांचा मुलगा बेंगळुरूला असतो, खाली ते एकटेच. त्यांनी कप खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "होगली बिडी, जाऊ द्या, राहा तुम्ही एकट्याच. रोज सकाळी खाली एक हाक तेवढी मारत जा." संपलं. अट गेली. सहीला पेन काढलं, आणि मग मीच त्यांना थांबवलं, की काका, एक नाव वाढवा.

मागच्या महिन्यात तू फोनवर सांगितलंस, की नातवाचा अभ्यास असतो म्हणून तुझी खाट आता हॉलमध्ये आली आहे. टीव्ही बंद होईपर्यंत झोपता येत नाही, पण चालतं म्हणालीस. आणि हसलीस. स्पीकरवर असताना माणूस जसं हसतं तसं. तेव्हापासून ते हसणं माझ्या मनातून जात नाही. इथं दुसरी खोली रिकामी आहे. स्वयंपाक निम्मा निम्मा. तू कानडी मालिका मोठ्या आवाजात लावलीस तरी मी मध्ये बोलणार नाही. (पहिले पंधरा दिवस.) आणि तू मला लहानपणापासून ओळखतेस, त्यामुळे मला पाहून पाय खाली घेण्याचा तुझा प्रश्नच नाही.

ता. क. ४. शरणबसवला विचारू नकोस. सांग.